अप्पांनी पाणी सोडलं नव्हतं

सलीमचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. सलीम म्हणजे अप्पांच्या जीपचा ड्रायव्हर, त्यांच्याबरोबर वीसेक वर्षं फिरलेला. "गुरुजी, अप्पा गेले," एवढंच म्हणाला आणि फोन न ठेवता तसाच थांबला... मी फोन ठेवला. चपला घातल्या आणि निघालो. माझ्या घरापासून अप्पांच्या घरापर्यंत गावातल्या चारच गल्ल्या आहेत, पण तेवढ्यात मी एकच वाक्य तीन तोंडांतून ऐकलं. पिठाच्या गिरणीपाशी, मारुतीच्या पारावर आणि खुद्द अप्पांच्या दारात. "दुष्काळात गावासाठी तोंडचं पाणी सोडलेला माणूस गेला." दारातल्या माणसानं तर ते सांगताना हात जोडले, आणि त्यानं जोडले म्हणून मीही जोडले. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. तेव्हापासून मला एका जागी धड बसवत नाही. जेवताना उठतो, पेपर वाचताना उठतो, बायको विचारते, पायाला भिंगरी लागली का तुमच्या. कारण तिलाही माहीत आहे. ते वाक्य मी तयार केलेलं आहे, आणि ते खोटं आहे.

चौसाळ्याहून आत वळलं की आमचं गाव लागतं. रंगनाथअप्पा तिथल्या दूध सोसायटीचे वर्षानुवर्षं चेअरमन होते. आम्ही दोघं एकाच वर्गात शिकलो. पुढे मी त्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि ते गावाचे पुढारी. चारचौघांत ते मला 'गुरुजी' म्हणायचे आणि मी त्यांना 'अप्पा'. दोघंच असलो की मी हऱ्या आणि तो रंग्या. माणूस तापट, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. सकाळी दूध संकलन केंद्रावर स्वतः हजर असायचे. कॅनचं झाकण उघडून नुसत्या वासावरून "हे कालचं मिसळलंय" म्हणून ओरडायचे, आणि नेमकं तेच खरं निघायचं. वार्षिक सभेचं इतिवृत्त सचिवाला वाचू द्यायचे नाहीत, स्वतः वाचायचे, अगदी स्वल्पविरामावर थांबून. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे आज लिहूनच टाकतो. वर्गातल्या चाळीस पोरांना जे करायला लावणं मला जमत नव्हतं ते हा माणूस चारशे सभासदांना नुसत्या आवाजावर करायला लावायचा.

साठी उलटली आणि त्यांना तो त्रास सुरू झाला. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी सुपारीएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात तिला. उतारवयात ती वाढते आणि लघवीची वाट आवळते. सारखं जावंसं वाटतं, आणि गेलं की होत नाही. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की हे कुणाला सांगायचं नसतं. त्यातून सहकारातली रीत अशी, की सभा चालू असताना चेअरमननं खुर्ची सोडली की विरोधकांना आयतं कोलीत मिळतं. प्रश्न टाळला, पळ काढला, असंच त्याचं होतं. त्या वर्षीच्या सभेत अप्पा तीनदा उठले. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी ओरडलं, "चेअरमन पळाला!" आणि सगळी सभा हसली. मी बाहेर गेलो, तर अप्पा पेंडीच्या गोदामामागे भिंतीला एक हात टेकून उभे.

"येतच न्हाई बे हऱ्या," ते म्हणाले. "पोटात नुसती आग लागलीय, अन् हितं थेंब थेंब. कावून असं व्हायलंय काय की."

मी काय करायला हवं होतं? त्याच दिवशी त्यांना जीपमध्ये घालून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी सल्ला दिला. मास्तर माणूस, त्याच्याकडं सल्ल्याला काय तोटा! म्हणालो, सभा असली की आदल्या दिवसापासून पाणी कमी पीत जा.

पुढच्या वर्षी पाऊस नीट झालाच नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. एरवी दसऱ्यानंतर कोयते घेऊन ऊसतोडीला निघणारी माणसं त्या वर्षी आधीच कामाच्या शोधात बाहेर पडली. मागे राहिली म्हातारी माणसं आणि जनावरं. सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली. उद्घाटनाला तालुक्याची मंडळी आली, मांडव घातला, आणि त्या मांडवाखालीसुद्धा ऊन मरणाचं. पाण्याच्या बाटल्या फिरल्या. अप्पांनी बाटली घेतली नाही, माझाच सल्ला पाळत होते ते. पुढच्या रांगेत विरोधी पॅनलचा एकजण बसला होता. तो मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चेअरमन, पाणी घ्या की. का मंग पुन्हा उठून पळावं लागंल?" अप्पांचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं, माईक हातात होता. मी म्हणालो, "अप्पांनी मला बजावलंय की हे कुणाला सांगायचं नाही, पण आता मला राहवत नाही. छावणीतल्या शेवटच्या जनावराला पोटभर पाणी मिळत नाही तोवर आपण दिवसाला एक तांब्या पाण्यावर राहायचं, असं अप्पांनी ठरवलंय." मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. एक म्हातारी मांडवातून वाट काढत आली आणि अप्पांच्या पाया पडली. बाटलीवरून टोमणा मारणाऱ्यानं मान खाली घातली. मला इतका आनंद झाला होता, की काय सांगू... अप्पा माझ्याकडं बघत होते. ती नजर रागाची होती की आभाराची, हे मला आजही ठरवता येत नाही.

आठवडाभरात ही गोष्ट पंचक्रोशीत गेली, पेपरात चौकटीत छापून आली. आणि मग अप्पांना पाणी मिळेनासं झालं. कुणाच्या घरी गेले की घरधनी सगळ्यांना पाणी द्यायचा आणि अप्पांपुढं आला की तांब्या मागं घेऊन नमस्कार करायचा. चहासुद्धा कुणी विचारेना. सुरुवातीला अप्पा हसायचे. "हऱ्या, तू मला वाळवून मारणार बे," म्हणायचे. पण खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही ते सोयीचं होतं. पाणीच नाही तर उठणं कमी, सभा सलग, विरोधक गप्प. त्या ग्रंथीला मात्र आमच्या सभेशी काही देणंघेणं नव्हतं. लघवी गडद व्हायला लागली, जळजळ सुरू झाली, मधूनच थंडी वाजून ताप यायचा. एकदा वहिनींनी मला दारातच गाठलं. "भावजी, तुमी तरी सांगा की त्यायला. माझ्या हातचं पाणी बी घीनात. गावाला शब्द दिलाय म्हणत्यात." मी म्हणालो, सांगतो. सांगितलं नाही. अप्पा घरातसुद्धा पाळत आहेत हे ऐकून मला, आज लाज वाटते लिहायला, थोडा अभिमानच वाटला होता.

उन्हाळा सरत आला असताना एका सकाळी छावणीत अप्पा कडब्याच्या गंजीमागं गेले ते परत येईनात. जाऊन बघतो तर पोट धरून खाली बसलेले, सदरा घामानं चिंब. एक थेंब बाहेर येत नव्हता. बेंबीखाली हात लावू देत नव्हते इतकं पोट ताठलेलं. सलीमनं जीप आणली. मांजरसुंबा, नेकनूर, केज... त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी अंबाजोगाई येता येईना. प्रत्येक खड्ड्याला अप्पा ओरडायचे आणि लगेच मला शिवी हासडायचे, आणि मला त्या शिव्या बऱ्या वाटत होत्या. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं नळी घातली. बघता बघता पिशवी भरली, ती रिकामी करून पुन्हा लावली. बाप गेला तेव्हाही चारचौघांत न रडलेला हा माणूस डोळे मिटून रडत होता, नुसत्या सुटकेनं.

डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, दिवसाला पाणी किती पिता?"

"एक तांब्या."

"या उन्हात एक तांब्या? कुणी सांगितलं तुम्हाला?"

अप्पांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. मी खिडकीपाशी उभा होतो, आणि तिथून पळून जावं असं मला वाटत होतं.

"कुणी न्हाई डाक्टर," अप्पा म्हणाले. "गावात दुष्काळ हाय."

त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टर मला बोलले असते, मी चार शब्द ऐकून घेतले असते आणि तिथंच मोकळा झालो असतो. सोनोग्राफीत दिसलं की लघवी तुंबून तुंबून दोन्ही मूत्रपिंडांना सूज आलीय. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पाणी तोडल्यानं गाठ काही थांबत नाही, ती तिच्या गतीनं वाढतच राहते. उलट जंतुसंसर्गाला रान मोकळं मिळतं, आणि आतला बिघाड वर दिसत नाही. "दोन वर्षं आधी आला असतात तर..." असं म्हणून ते पुढचा कागद बघायला लागले. मूत्रपिंडं जरा सावरेपर्यंत नळी ठेवायची आणि मग दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं, असं ठरलं. पोट उघडायचं नाही, टाका नाही. "मंग शिरताव कुठून?" अप्पांनी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. अप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "त्याच वाटंनं म्हणायलेत का बे?"

नळी आणि पिशवी घेऊन गावात जायला ते तयार नव्हते. माझी बहीण अंबाजोगाईत राहते, तिच्याकडं त्यांना तीन आठवडे ठेवलं. वहिनी सोबत होत्या. गावात मी सांगितलं, की छावणीच्या मुदतवाढीसाठी अप्पा मुंबईला ठाण मांडून बसलेत. एक थाप पचली की दुसरी सुचायला वेळ लागत नाही. ऑपरेशनच्या दिवशी कमरेखालचं अंग बधिर केलं होतं, माणूस जागा. बाहेर आल्यावर मला सांगत होते, "टीव्हीवर समदं दिसायलतं हऱ्या. बारीक तारेची कडी, अन् ती कडी गाठ खरवडून काढायली, पाटाच्या तोंडचा गाळ काढावा तशी." भीती कुठल्या कुठं गेली होती. सोसायटीत नवीन यंत्र आल्यावर बोलायचे तसे बोलत होते.

वॉर्डात आणल्यावर वरती सलाईनच्या मोठमोठ्या पिशव्या टांगल्या. त्यातलं पाणी नळीनं मूत्राशयात जायचं आणि आतलं रक्त धुऊन खालच्या पिशवीत यायचं. गुठळी धरू नये म्हणून ते सतत चालू ठेवायचं होतं. एक पिशवी संपली की सिस्टर दुसरी लावायच्या, खालची भरली की ओतून द्यायच्या. अप्पा ते सगळं बघत पडले होते. "हे पाणी पुन्हा कशाला वापरत्यात का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर, "समदं फेकूनच देत्यात?" मी म्हणालो, पड गप. आणि खाली चहाला गेलो. दुपारचे दोन वाजले असतील. परत आलो तर अप्पांनी ओठ दाताखाली धरलेला, कपाळावर घाम, हात पलंगाच्या कडेला आवळलेले. वरच्या नळीला पाण्याची गती कमीजास्त करायचं छोटं चाक असतं. ते त्यांनी फिरवून बंद केलं होतं! आत गुठळी धरून वाट तुंबली होती. डॉक्टर धावत आले, मोठ्या सिरिंजनं पाणी मारून गुठळ्या काढल्या. सगळं वाहतं झाल्यावर डॉक्टर चिडून म्हणाले, "बाबा, चाकाला हात कशाला लावला?"

"छावणीत काल टँकर आला न्हाई डाक्टर," अप्पा म्हणाले. त्यांना अजून धाप लागली होती. "हितं माझ्या अंगातनं नुसतं वाहून चाललंय. मला बघवंना."

डॉक्टर चाक पुन्हा नीट करून निघून गेले. मला मात्र तेव्हा कळलं, की मी माईकवरून मारलेली थाप या माणसानं मनापासून अंगावर घेतलीय. सोयीसाठी धरलेलं पथ्य आता त्यांच्यासाठी खरोखरचं व्रत झालं होतं, आणि तेही नेमकं पाण्याची सगळ्यात जास्त गरज असताना. चौथ्या दिवशी नळी काढली. संडासातून अप्पांची आरोळी आली, "हऱ्या, पोरपणीसारखं व्हायलंय बे!" आणि सगळा वॉर्ड हसला. तो आनंद मी विसरणार नाही. निघताना डॉक्टरांनी लिहून दिलं, महिनाभर जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, धक्के खात फिरायचं नाही, आणि भरपूर पाणी प्यायचं.

बाकीचं जमलं. पाणी कसं प्यायचं? गावानं हार घालून त्यांचं स्वागत केलं, आणि त्याच हातानं तांब्या मागं घेतला. घरी सारखी माणसांची ये-जा. मग रोज दुपारी अप्पा माझ्या घरी यायचे, मी मागच्या खोलीचं दार लावायचो आणि माझी बायको पाणी भरून द्यायची. टँकरचं आमच्या वाट्याचं पाणी. औषध घ्यावं तसं तोंड करून प्यायचे आणि अर्ध्यातच ठेवायचे. "वहिनी, बास. तुमाला उरंना की." ती म्हणायची, प्या अप्पा, आम्ही भागवतो. एक दिवस ते मला म्हणाले, "सांगून टाक ना बे हऱ्या. एकदा माईक घे अन् सांग. मी सांगितलं तर लोक म्हणतील, चेअरमन पाण्याला भुलला अन् आता कारणं सांगायलाय. तू बोललास, तूच फेड." मी म्हणालो, निवडणूक होऊन जाऊ दे. निवडणूक झाली, त्या व्रताच्या जोरावर अप्पांचं पॅनल निवडून आलं. मग म्हणालो, पाऊस पडू दे. पाऊस पडला. गावानं मांडव घालून अप्पांना पाणी पाजलं, आणि माईक पुन्हा माझ्याच हातात होता... मी काय बोललो ते आज आठवूनही अंगावर काटा येतो. दरम्यान त्यांना दोनदा संसर्ग होऊन ताप आला होता. ती सूज आलेली मूत्रपिंडं नंतर कधीच पहिल्यासारखी झाली नाहीत.

त्यानंतर अप्पांनी एक उद्योग सुरू केला. मला तो बऱ्याच उशिरा कळला. ज्ञानोबा नावाचा आमच्या गावचा जुना ऊसतोड्या. उसाच्या फडातून घडीघडीला बाजूला जातो म्हणून टोळीच्या मुकादमानं त्याला हंगामाच्या मध्येच घरी पाठवलं होतं. कामचुकार झाला, असं गाव म्हणत होतं. अप्पांनी त्याला संकलन केंद्राच्या भिंतीमागं उभं असलेलं बघितलं. किती वेळ उभा आहे तेही बघितलं. "चल रं माज्यासंगं, सोसायटीचं काम हाय," म्हणून जीपमध्ये घातलं ते थेट अंबाजोगाईला. पुढच्या वर्षी ज्ञानोबा पुन्हा कोयता घेऊन फडात गेला. मग दुसरा, मग तिसरा. चेअरमन म्हाताऱ्या सभासदांना घेऊन सोसायटीच्या कामाला जातात, एवढंच गावाला दिसायचं. कुणाचं नाव कुणाला कळू दिलं नाही. मला कळलं तेव्हा मी चेष्टा केली, "रंग्या, मुकादम झालास की तू, म्हाताऱ्यांची टोळी उचलतोस!" ते हसले नाहीत. "तूच राहिलास बे एक," म्हणाले. कीर्तनातून मी दोनदा उठलेलं त्यांनी पाहिलं होतं. मी म्हणालो, मला काही नाही.

मला होतं. तीन वर्षं होतं. सगळं डोळ्यांनी बघितलेला, सगळी माहिती असलेला मी, आणि मीच जात नव्हतो. का, ते विचारू नका. इतकी वर्षं दुसऱ्याची गोष्ट झाकता झाकता झाकायचीच सवय लागली असावी.

शेवटच्या वर्षी अप्पांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आणि आता डॉक्टरांनी खरोखरच पाणी मोजून दिलं, कारण प्यायलेलं बाहेर पडत नव्हतं. गावानं काय म्हणावं? "अप्पांनी पुन्हा पाणी सोडलं, यंदा पाऊस न्हाई म्हणून." हे ऐकून अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. जायच्या आठ दिवस आधी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, म्हणजे उठबस करत होतो. "हऱ्या," ते म्हणाले, "तुझ्याकडं दोन कामं राहिलीत. एक, माईकवर सांगायचं. अन् दुसरं, अंबाजोगाईला जायचं. मी नेलं असतं तुला, पर आता मलाच उचलून न्यावं लागायलंय." मी म्हणालो, तू बरा हो, मग दोघं जाऊ. ते म्हणाले, "मास्तर हायस, सबबी लई शिकलास." नंतर मी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारलं, त्या एक तांब्या पाण्याचा यात किती वाटा? ते म्हणाले, खरं नुकसान तुंबल्यामुळं झालं, उशिरा आल्यामुळं झालं. पाण्याचं नेमकं असं सांगता येणार नाही. पण उशीर तरी कुणामुळं झाला, हे मी त्यांना विचारलं नाही.

तेराव्यानंतर सोसायटीच्या सभागृहात शोकसभा झाली. वक्त्यांमागून वक्ते उठले, आणि प्रत्येकानं तो एक तांब्या सांगितला. मग सरपंचांनी जाहीर केलं, की गावात नवीन पाण्याची टाकी होतेय, तिच्यावर अप्पांचं नाव आणि खाली 'यांनी गावासाठी पाणी सोडले' असं दगडात कोरायचं. समारोप गुरुजी करतील. मी ठरवून आलो होतो, आज सांगायचं. पण माझं नाव पुकारलं आणि मला उठावंच लागलं, बोलायला नाही, बाहेर जायला. सगळ्या सभेतून वाट काढत मी गोदामामागं गेलो. किती वेळ तिथं होतो कोण जाणे. परत आलो तर सभागृहात हुंदके चालले होते. सूत्रसंचालक सांगत होता, "गुरुजींना भावना अनावर झाल्या." बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते, दोघंतिघं मला धरायला पुढं आले.

किती सोपं होतं! रुमाल काढायचा, डोळ्यांना लावायचा, खाली बसायचं. माझा हात खिशात गेलाही होता... मग समोर वहिनी दिसल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला नव्हता, त्या नुसत्या माझ्याकडं बघत होत्या. मी माईक घेतला.

"मी रडायला गेलो नव्हतो," मी म्हणालो. "मी लघवीला गेलो होतो, आणि ती नीट झाली नाही."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मी सगळं सांगितलं. बाटली, टोमणा, माझी थाप, नळी, ते चाक, माझ्या घरातली मागची खोली. अप्पांनी पाणी सोडलं नव्हतं, त्यांना आजार होता, तो झाकायला मी त्यांचं पाणी तोडलं. दगडावर ते कोरू नका. बोलताना मी खरंच रडलो. थांबलो तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. आता लोक उठून जातील, किंवा मला उठवतील, असं वाटत असताना मागच्या रांगेत ज्ञानोबा उभा राहिला.

"मला बी अप्पांनीच नेलतं," तो म्हणाला. "आंबाजोगाईला. कुणाला सांगू नको म्हणलते." दुसरीकडून एकजण उठला. "मला बी." मग तिसरा. काठीवर भार देत, एकेक करून म्हातारे उठत होते आणि एकमेकांकडं बघत होते, कारण त्यांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. ज्ञानोबा अजून उभाच होता. "गुरुजी," त्यानं तिथूनच विचारलं, "मंग तुमी कवा जाताव?"

परवा आम्ही गेलो. सलीमनं अप्पांची जीप काढली, पुढं मी, मागं ज्ञानोबा. नेकनूर ओलांडल्यावर मला कळ यायला लागली. मी बाहेर बघत होतो आणि काही बोलत नव्हतो, सत्तरी आलेला माणूस, अजून तोंड उघडत नव्हता. रस्त्याकडेला एक मोठा लिंब आला आणि सलीमनं कुणी न सांगता गाडी त्याच्याखाली उभी केली. मी त्याच्याकडं बघितलं. "अप्पा हितंच थांबवायचे गुरुजी," तो म्हणाला. "कुणी बी संगं असो. कुणाला मागायची पाळी येऊ देत नव्हते. सोता आधी उतरायचे, गरज असो नसो." तोवर ज्ञानोबा मागून उतरलाही होता. ऑपरेशन होऊन त्याला कितीतरी वर्षं झालीत, त्याला काही घाई नव्हती. तो बांधापाशी जाऊन आमच्याकडं पाठ करून उभा राहिला, आणि मग मी उतरलो.